रिकामे पाइप बुजवायचे का?

आगरदांड्याच्या धक्क्यावर उभं राहून वर पाहिलं की टेकडीवर एक पिवळी तीन मजली इमारत दिसते. ते एका विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह. तिथल्या रेक्टर तांबे मॅडम यांनी या पावसाळ्यात मला फोन करून एक साधा प्रश्न विचारला. वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीतून एक रिकामा पाइप निघतो आणि भिंतीतून उतरत जिन्याखालच्या लोखंडी पेटीत येतो. या पाइपांतून खोल्यांमध्ये मुंग्या येतात, पाली येतात, एकदा सापाचं पिल्लू आलं. तेव्हा पाइप सिमेंटनं बुजवायचे की ठेवायचे? तिथलं वायरिंग मी केलेलं असल्यामुळे त्यांना माझं मत लेखी हवं होतं, आणि तेही गणपतीच्या सुट्टीआधी. सुट्टीत मुली घरी जातात, तेव्हाच गवंड्याला आत सोडता येतं.

पाइप माझ्या मालकीचे नाहीत. पण ते बुजवले तर नुकसान माझंच होणार होतं, आणि ते कसं हे कार्यालयीन कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. मी विचार करत बसलो. तेवढ्यात या अंकाच्या संपादकांचा निरोप आला की तुमच्या धंद्यातले काही अनुभव लिहा. धंद्यातला माझा सध्याचा अनुभव हे पाइपच आहेत. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहितो.

माझा धंदा इमारतींमध्ये इंटरनेट आणि टीव्ही पोचवण्याचा. मुरूडला माझं छोटं दुकान आहे. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. इतिहासाचा वायरिंगला काय उपयोग, असं लोक विचारतात. उपयोग होतो. तयार इमारतीत आधीच्या माणसानं भिंतीच्या आत काय करून ठेवलंय ते दिसत नाही, आणि तो माणूस सापडत नाही. त्यानं असं का केलं असेल, याचा अंदाज बांधत बसावं लागतं. अंदाज चुकला की भिंत फोडावी लागते. इतिहासकारांना ही शिक्षा नसते.

इंटरनेट हवेतून येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते शेवटची काही पावलंच हवेतून येतं. त्याआधी ते वायरीतून येतं आणि वायर पाइपातून. इमारत बांधतानाच इलेक्ट्रिशियन स्लॅबमध्ये आणि भिंतींत प्लास्टिकचे पाइप टाकून ठेवतो. वरून गिलावा होतो, रंग होतो, आणि कुठला पाइप कुठे निघतो हे डोक्यात घेऊन तो माणूस पुढच्या साइटवर जातो. मग आम्ही येतो. समोर एका पेटीत पाइपांची पन्नासेक तोंडं, सगळी सारखी. कुठलं तोंड कुठल्या खोलीचं, हे ओळखायचं यंत्र मिळतं. पण त्याला पाइपात वायर लागते. रिकाम्या पाइपात फक्त श्वास जातो. म्हणून एकानं खोलीत बसून पाइपाच्या तोंडात फुंकायचं किंवा बोलायचं, आणि दुसऱ्यानं खाली पेटीशी कान लावायचा. ही पद्धत कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. कोकणात सगळे तीच वापरतात.

पाइप सापडला की त्यातून लवचिक स्प्रिंग सोडायची, तिच्या टोकाला वायर बांधायची, वायरीला टाल्कम पावडर चोळायची आणि ओढायची. एकानं वरून ढकलायचं, दुसऱ्यानं खालून ओढायचं. ओढणारा थांबला आणि ढकलणारा ढकलत राहिला, तर आत गुंता होतो आणि तो कायमचा आतच राहतो. त्यामुळे या धंद्यात दोघं लागतात आणि त्या दोघांचं पटावं लागतं. निदान कामापुरतं.

माझ्या कामात दुसरं टोक विमल धरायची. विमल माझी बायको.

ती खाडीपलीकडची, दिघीच्या मागच्या गावातली. लग्नाच्या वेळी बारावी झाली होती. सुरुवातीला माझ्याकडे एक मदतनीस होता. एका सकाळी वायर अर्धी पाइपात असताना तो चहा प्यायला गेला आणि पनवेलला नोकरीला लागला. विमल डबा घेऊन आली होती. मी म्हटलं, जरा हे टोक धर. ते तिनं नंतर कधी सोडलं नाही. समुद्राच्या हवेनं वायरीच्या पिना हिरव्या पडतात आणि वर्षभरात जोड निकामी होतो. त्यांना व्हॅसलीन लावायची युक्ती तिचीच. हिवाळ्यात ओठांना लावायची डबी तिच्या पर्समध्ये असायची. पुढे आमच्या सामानाच्या यादीत व्हॅसलीन लिहिलं जाऊ लागलं. ओठांसाठी उरत नाही, ही तिची तक्रार शेवटपर्यंत होती.

विमल माझं नाव घेत नसे. 'अहो' म्हणायची. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तुमच्याकडेही फारशा घेत नसतील. माझ्या वडिलांना हे पटत नसे. जुन्या चालीरीती सोडा, हे त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या मुलांना शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते तिला म्हणाले, "सूनबाई, प्रभाकर म्हण. नाव हाक मारायलाच ठेवलंय मी."

"घेईन की, बाबा," विमल म्हणाली.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. वाट पाहिली त्यांनी. ते गेल्यावर मला प्रभाकर म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. गिऱ्हाइकं जाधव म्हणतात, दुकानाच्या पाटीवरही तेच आहे.

तर ते वसतिगृह. विद्यापीठानं आधी प्रत्येक खोलीत टीव्ही द्यायचं ठरवलं होतं, म्हणून बांधतानाच प्रत्येक खोलीत दोन पाइप टाकले: एक टेलिफोनचा, एक टीव्हीचा. मग एक समिती बसली. खोलीत टीव्ही असला की अभ्यासावर परिणाम होतो, असं तिच्या लक्षात आलं. समितीनं खोल्यांतले टीव्ही रद्द केले आणि त्याऐवजी प्रत्येक खोलीत इंटरनेट मंजूर केलं. टीव्ही एकच राहिला, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. इंटरनेटची वायर टेलिफोनच्या पाइपातून गेली आणि टीव्हीचे पाइप रिकामे राहिले. तांबे मॅडमना बुजवायचे होते ते हेच.

तेव्हाच्या रेक्टर साळवीबाई. उंच, ताठ, हातात किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "जाधव, इंटरनेट फक्त अभ्यासाचं द्यायचं."

"बाई, ते वेगळं येत नाही."

"मग जे येतं त्यातलं बाकीचं काढून टाका."

मी प्रयत्न केला. काही गोष्टी बंद केल्या. त्या कशा उघडायच्या हे मुलींनी दुसऱ्या दिवशी विमलला दाखवलं, आणि विमलनं मला. साळवीबाईंना आम्ही काही कळवलं नाही. त्या समाधानी होत्या.

आमचं खालचं काम अर्धं झालं असतानाच, मी वरच्या मजल्यांवर पाऊल टाकायच्या आधीच, मुली राहायला आल्या. त्या दिवसापासून पुरुषांना वरच्या मजल्यांवर बंदी झाली. साळवीबाईंनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर खडूनं रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे विमल. जाड भिंतींमुळे आत मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून आम्ही टीव्हीच्या रिकाम्या पाइपांतून बोलू लागलो. ती खोलीत पाइपाला तोंड लावायची आणि मी पेटीशी बसायचो. पेटीचं झाकण बंद असलं तर एक गंमत व्हायची. एका खोलीतला आवाज पेटीत घुमून बाकीच्या सगळ्या पाइपांतून वर जायचा. बारीक, पण स्पष्ट.

पहिल्या दिवशी तिनं पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून हाक मारली, "अहो!"

पेटीपाशी मी होतो. प्लंबर होता, रंगारी होता आणि वॉचमन काशिनाथ होता. चौघांनी मान वर केली. प्लंबर आणि रंगारी इकडेतिकडे पाहून पुन्हा कामाला लागले. काशिनाथ उठला आणि मेसकडे गेला, कारण त्याची बायको शेवंता तिथे स्वयंपाक करायची. थोड्या वेळानं परत आला. विमलनं पुढच्या खोलीतून पुन्हा 'अहो' म्हटलं. तो पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला मेसमधून शेवंताचा आवाज मला जिन्याखाली ऐकू आला, "मी कवा बोलावलं? काम नसंल तर लसूण सोला."

त्या दुपारी काशिनाथ साळवीबाईंपुढे उभा राहिला. "बाई, माझी बायको भिंतीतून हाक मारते नि गेलं की काम सांगत न्हाय. हे बरं न्हाय."

साळवीबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग विमलला म्हणाल्या, "तुम्ही यांना नावानं हाक मारा. इथे सगळेच कुणाचे तरी अहो आहेत."

"बाई, मी शिट्टी वाजवली तर?"

"मुलींच्या वसतिगृहात शिट्टी?"

विमल वर गेली. कोपऱ्यातली खोली होती, दुसऱ्या मजल्यावरची. मी पेटीत कान घालून बसलो. बराच वेळ नुसता श्वास येत होता. मग अगदी बारीक आवाजात, दुसऱ्या कुणाचं तरी नाव असावं तसं, ती म्हणाली, "प्रभाकर."

मी म्हटलं, "जरा मोठ्यानं."

"ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग झालं तर. लोकं हायत इथं."

लोकं म्हणजे मुली. विमल खोलीत आली की त्या तिच्याभोवती बसायच्या. पाइपातून मला त्यांचंही ऐकू यायचं. एकीनं विचारलं, "ताई, प्रभाकर कोण?"

"खाली वायरमन हाय एक," विमल म्हणाली. "जरा कमी ऐकू येतं त्यांना."

त्या दिवसानंतर तिला सवय झाली. सवय म्हणजे मला वाटलं होतं त्याहून जास्त. नाव नुसतं घ्यायची, पण पुढे आदर सोडायची नाही. "प्रभाकर, वायर सोडा." "प्रभाकर, थांबा, गाठ बसली." "प्रभाकर, डबा खाल्लात का? भाकरी आहे तशी परत आणू नका." कामाला नाव लागत नव्हतं तिथेही ती ते घेऊ लागली. एकदा कोपऱ्यातल्या खोलीतून म्हणाली, "प्रभाकर, इथून माझं माहेर दिसतं." मी म्हटलं, तेवढ्या लांबचं कसं दिसेल? "दिसतं," ती म्हणाली. "तुम्हाला वर येता येत न्हाय, त्याला मी काय करू?"

संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी निघायचो. फाटकाबाहेर आलो की पुन्हा 'अहो' सुरू. "अहो, हळू. अहो, कोळंबी मिळते का बघू." एकदा मी स्कूटर थांबवली आणि विचारलं, "तिथे नाव घेतेस, मग इथे का नाही?"

तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "तिथं तुम्ही दिसत न्हाय."

या उत्तरावर मी पुढे बरीच वर्षं विचार केला. त्यात खोट निघाली नाही.

वसतिगृहातल्या टीव्हीबद्दलही लिहायला हवं, नाहीतर काम अर्धंच सांगितलं असं होईल. टीव्ही हॉलमध्ये लागला, गच्चीवर डिश बसली. गच्चीला बाहेरून लोखंडी जिना होता, त्यामुळे तिथे मला परवानगी होती. डिश ही फार मानी वस्तू आहे. आकाशातल्या एका ठरावीक जागेकडे ती टक लावून असते. बोटभर हलली तरी चित्र जातं. आमचं चित्र रोज दुपारी जायचं आणि संध्याकाळी आपोआप यायचं. मी तीन वेळा डिश नीट केली. सगळ्यात मोठी तक्रार शेवंताची. मेसचं काम आटोपून ती दुपारी मालिका बघायला बसायची आणि नेमका तेव्हाच पडदा निळा.

"जाधवभाऊ, तुमचा टीव्ही माझ्यावर खार खाऊन हाय," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी मी भर दुपारी गच्चीवर गेलो. डिशच्या दांड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोरी ताणलेली होती आणि दोरीवर बोंबील वाळत होते. कावळे बसले होते. डिश खाडीकडे बघत होती.

खाली येऊन विचारलं, "शेवंताताई, वर बोंबील कुणाचे?"

"माझेच. का, चोरीला गेले?"

"त्यांच्यामुळे टीव्ही जातो."

शेवंतानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "भाऊ, टीव्ही खाली हाय. बोंबील वर हायत."

हे मला तिला समजावता आलं नाही. विमलनं समजावलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दोरीचं टोक दुसऱ्या दिवशी डिशवरून सुटून गच्चीच्या कठड्याला गेलं, आणि जाताना आमच्या पिशवीत बोंबलांची जुडी आली. शेवंता आणि विमल त्यानंतर मैत्रिणी झाल्या. बाजारात भेटल्या की मला पिशव्या धरून उभं राहावं लागे.

वसतिगृह चालू झालं. नंतर तिथे दुरुस्तीला आम्ही अधूनमधून जात राहिलो. खडूची रेघ पुसली गेली होती, पण नियम होता. मी खाली, विमल वर. दर खेपेला मला माझं नाव ऐकायला मिळायचं. काम नसतानाही मी वर्षातून एकदा फोन करून विचारत असे, सगळं ठीक आहे ना, येऊन बघून जाऊ का? साळवीबाईंना वाटायचं, जाधव फार प्रामाणिक माणूस आहे.

गेल्या वर्षी विमल गेली. आजार मोठा होता आणि वेळ थोडा. अलिबागच्या इस्पितळात शेवटच्या दिवसांत ती फारसं बोलत नव्हती. एकदा डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, ती व्हॅसलीनची डबी कुठाय?" ओठ सुकले होते. डबी माझ्या कामाच्या पिशवीत होती. मी लावलं.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आम्हा बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या विधीला, शेवंता आणि काशिनाथ आले होते. काशिनाथ हात जोडून बसला. निघताना म्हणाला, "भाऊ, माझी बायको समजून तिच्या हाकंला तीन वेळा गेलो मी." मी म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "गोड हाक होती. म्हणून गेलो. आमच्या हिची तशी न्हाय." शेवंता शेजारीच होती.

त्यानंतर मी नवी कामं घेतली नाहीत. दुकान उघडतो, वाचत बसतो. कुणी आलं तर रिमोट विकतो. वसतिगृहाची आठवण आली तर ती त्या पाइपांची. घरात, रस्त्यात, इस्पितळात, तिनं माझं नाव घेतलं अशी दुसरी जागा मला आठवत नाही. आणि मग तांबे मॅडमचा फोन आला.

पाहणीला मी ऑगस्टमध्ये एका दुपारी गेलो. तांबे मॅडम तरुण आहेत, झटपट बोलतात. "काका, आता सगळं वायफाय आहे. तुमच्या वायरीही कुणी वापरत नाही. रिकाम्या पाइपांचा तर प्रश्नच नाही. फक्त तपासून लिहून द्या, की वापरात नाहीत. वापरात नसलेले सगळे बुजवायचे असं ठरलंय."

हे बरोबरच होतं. मी जिन्याखाली गेलो. पेटीचे स्क्रू गंजले होते. तेल सोडून वाट पाहिली आणि झाकण काढलं. आत पाइपांची तोंडं, त्यांच्यावर विमलच्या अक्षरातले खोल्यांचे नंबर. मी स्टूल घेऊन समोर बसलो. कागदावर 'तपासणी केली' एवढं लिहिलं.

तेव्हा पाइपातून आवाज आला. "प्रभाकर!"

मुलीचा आवाज होता, हे मी लगेच सांगतो. वाचकांनी वेगळी अपेक्षा करू नये. मीही केली नाही, निदान फार वेळ नाही.

"प्रभाकर, ऐकतोयस का?" पुन्हा आवाज. दुसऱ्या पाइपातून दुसरी म्हणाली, "प्रभाकर ऐकतोय. बोल."

"मेसमध्ये काय आहे?"

"वांगं."

"मग मी झोपते. ए, आज आवाज किती फाटका येतोय!"

"मलाही. प्रभाकरला काहीतरी झालंय. थांब, खाली जाऊन बघते."

जिन्यावर चपला वाजल्या. एक मुलगी खाली आली, केस ओले, खांद्यावर टॉवेल. ऋतुजा, दुसऱ्या वर्षाची, श्रीवर्धनची. तिनं उघडी पेटी पाहिली आणि मग मला पाहिलं.

"काका, तुम्ही झाकण काढलंत का? झाकण काढलं की आवाज घुमत नाही."

मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे." आणि विचारलं, "हे प्रभाकर काय आहे?"

"ते आमचं जुनं आहे. सीनियर्सनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सीनियर्सनी. पाइपात तोंड घालून आधी प्रभाकर म्हणायचं. जिला ऐकू येईल तिनं म्हणायचं, प्रभाकर ऐकतोय. लाइट जाते तेव्हा वायफाय जातं ना, तेव्हा हेच. एरवीपण. वायफायवर काय चाललंय ते मॅडमना कळतं. हे नाही कळत."

"मग मला कसं सांगितलंस?"

"तुम्ही वायरमन ना. वायरमनला सांगितलं तर चालतं."

"आणि प्रभाकर कोण?"

ती दोन पायऱ्या खाली उतरून बसली. "इथला पहिला वायरमन होता म्हणे. काम करताना शॉक लागला आणि भिंतीतच गेला. त्याची बायको रोज यायची आणि प्रत्येक खोलीत जाऊन पाइपातून त्याला हाक मारायची. तो कधी ओ द्यायचा, कधी नाही. ऐकायला कमी यायचं त्याला."

तपशिलात थोड्या चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"प्रभाकरची? नाही हो. बिचारा काही करत नाही. नुसता ऐकतो." मग तिनं विचारलं, "काका, तुमचं नाव काय?"

"जाधव."

"जाधवकाका, झाकण लावून द्याल ना? हिला सांगायचंय मला, की वांगं नाही, वाल आहेत."

मी झाकण लावलं. ती वर गेली. झाकण बंद असलं की खाली फारसं ऐकू येत नाही, आवाज वरच फिरत राहतो. तरी मी जरा वेळ बसलो. मग कागद पुन्हा घेतला. 'तपासणी केली' लिहून झालंच होतं. त्यापुढे लिहिलं: 'पाइप वापरात आहेत. बुजवू नयेत. पालींसाठी खोल्यांतल्या तोंडांना बारीक जाळी बसवावी. जाळी मी बसवून देईन.'

तांबे मॅडमनी वाचून विचारलं, "वापरात? कशासाठी?"

"बोलण्यासाठी" असं लिहिता आलं असतं, पण मुलींनी वायरमनला सांगितलं होतं, मॅडमना नाही. मी म्हटलं, "मॅडम, आत हवा खेळती राहते. बुजवलं तर ओल धरते." हेही खोटं नाही.

"बरं. जाळीच बसवा मग."

गणपतीत आमच्या घरी काही नसतं. म्हणून त्या दिवसांतली कामं कोकणात माझ्यासारख्याकडे येतात. काशिनाथचा दीड दिवसाचा गणपती होता. तो विसर्जन करून हजर झाला होता. वसतिगृह पूर्ण रिकामं. मी त्याला पेटीपाशी बसवलं, झाकण काढून. "जाळी लावली की मी वरून बोलेन. आवाज आला का ते सांग."

"आता तुम्ही वर नि मी खाली," काशिनाथ म्हणाला. "लसूण सोलायला न्हाय ना सांगणार?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तो जिना चढलो. खोल्या विमलनं वर्णन केल्या होत्या तशाच होत्या, फक्त जास्त पसारा. सुरुवात कोपऱ्यातल्या खोलीपासून केली. खिडकीतून खाली धक्का दिसत होता, गाड्या भरून दिघीला निघालेली फेरीबोट दिसत होती, आणि पलीकडे, डोंगराच्या उतारावर, पाचसहा कौलं. दिसतं. तिचं बरोबर होतं.

पाइपाचं तोंड कॉटच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर. तिथे पोचायला गुडघ्यावर बसून वाकावं लागतं. ती दर वेळी असंच बसत असणार, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जाळी बसवली, स्क्रू आवळले, त्यांना व्हॅसलीन लावलं. मग चाचणी. चाचणीला काहीतरी बोलावं लागतं.

मी जाळीला तोंड लावलं. खालून काशिनाथ म्हणाला, "भाऊ, नुसता श्वास येतोय."

मी म्हटलं, "विमल."

मग काशिनाथचा आवाज आला, "आला, आला. स्वच्छ आला. पुढची खोली घ्या."

मी पुढची खोली घेतली.